मसाल्याच्या बाटल्या

आमच्या गिरगावातल्या वाडीत ओला कचरा वेगळा, सुका वेगळा हे वेड मीच आणलं. दारात दोन बादल्या आणि काचेसाठी जिन्याखाली एक गोणी. पाटी मी रंगवली, दारोदार भांडलेही मीच. लालबागची पोर मी, भांडायला मला कुणी शिकवायला नको! हळूहळू सगळे वळणावर आले, पण एक छळ काही संपेना. ओल्या कचऱ्यात, भाजीच्या सालांखाली, पेपरात गुंडाळलेल्या बिअरच्या बाटल्या निघायच्या. कचरा नेणाऱ्या मावशींचा हात कापला तर? "कुणाच्या?" म्हणून विचारलं की अख्खी वाडी देवमाणूस.

माझं सासर ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे मुंबईचेच, मराठी बोलणारे ख्रिस्ती. मे महिन्यात सासूबाई वर्षाचा मसाला कुटून घेतात आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत लाकडी दांडीनं ठासून भरतात. उजेड लागला की रंग उडतो, हवा शिरली की वास जातो, म्हणून बाटलीच हवी. हे भरायचं काम त्या कुणालाही देत नसत. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी आपली मिरच्यांची देठं खुडणारी. त्या वर्षी मात्र स्वतःहून म्हणाल्या, "या टायमाला तू भर गो." मला काय करू नि काय नको असं झालं.

त्याच उत्साहात मी घर आवरायला काढलं. पोटमाळ्यावर रिकाम्या बाटल्यांचं खोकं सापडलं. नवऱ्याच्या मित्रांचे प्रताप, असं समजून मी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. सासूबाई रिकाम्या बाटल्या कुठे ठेवतात, हे अकरा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

मसाला कुटून झाला, भलं थोरलं पातेलं भरलं आणि सासूबाई म्हणाल्या, "वरचा खोका काढ."

"ममी, तो मी... भंगारात दिला."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खाटेवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या सासूच्या टायमाच्या होत्या त्यात. त्यांना कचरा कोन बोलला तुला?"

मी धावत भंगारवाल्याकडे गेले. "भाभी, टेम्पो तो कल गया." परत आले तर सासूबाई स्टीलचे डबे पुसत होत्या. "ऱ्हाऊ दे, मीच भरते," म्हणाल्या. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मग म्हटलं, लाज गेलीच आहे तर पुरती जाऊ दे. अंगणात उभी राहिले आणि ठणाणा बोंबलले, "ज्यांच्या घरी बिअरच्या रिकाम्या बाटल्या आहेत त्यांनी आणून द्या हो! नाव विचारणार नाही, शप्पथ!"

आधी नुसत्या खिडक्या किलकिल्या झाल्या. मग तुळशीमाळ घालणारे निवृत्त मास्तर टॉवेलात काहीतरी गुंडाळून जिना उतरले. "जावयाच्या आहेत," म्हणाले. त्यांच्यामागून भजनी मंडळाच्या काकू आल्या, त्यांच्याकडे चार. "केस धुवायला आणते हो मी." असे एकेक करत सगळे देवमाणूस पिशव्या घेऊन हजर! मावशींना छळणारे चोर आपल्या पायांनी चालत आले होते. मला हसू आवरेना, तेही एकमेकांकडे बघून हसायला लागले. मास्तर तर म्हणाले, "आता गोणीतच टाकू, लपवायचं राहिलंय काय?"

बाटल्या उकळत्या पाण्यानं धुतल्या आणि कठड्यावर उन्हात उलट्या लावल्या. उन्हं कलली तेव्हा सासूबाईंनी एकेक उजेडात धरून पाहिली. थेंबभर पाणी राहिलं तरी बुरशी येते. मग दांडी माझ्यापुढे धरली.

पहिली बाटली मी दोन गुडघ्यांत घट्ट धरली. थोडा मसाला, मग दांडी, पुन्हा मसाला, पुन्हा दांडी. सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटी करून झटकली. कणसुद्धा पडला नाही. त्यांनी बूच लावलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दुसरी घे."