कथिलाचा सेल आणि हळदकुंकू

माझा सूड अवसरीच्या हवेनं उगवला. मी नुसता हाताची घडी घालून बघत होतो, आणि काय सांगू, असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता!

मी इथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. पेरोव्स्काईट नावाच्या स्फटिकाच्या पातळ थरापासून सोलर सेल बनतो. त्यात सहसा शिसं असतं, आणि शिसं विषारी. मी शिशाऐवजी कथिल वापरून सेल बनवला. कथिलाचं दुखणं एकच, उघड्या हवेत ते टिकत नाही. म्हणून सगळं काम नायट्रोजनच्या बंद पेटीत, रबरी हातमोजे घालून.

आळे गावचे एक बडे बागायतदार चाचणीसाठी आपल्या कोल्ड स्टोरेजचं छत देणार होते. ते छत ज्याला मिळेल, प्रकल्प त्याचा. आमच्या विभागप्रमुखांनी उद्घाटनाच्या फलकावर फक्त स्वतःचं नाव घातलं.

"तुमचं नाव आभारात घेऊ," ते मला म्हणाले.

उद्घाटनासाठी मी काचेत सीलबंद केलेला सेल टेबलावर ठेवला होता. साहेबांनी पेटी उघडून आतला उघडा, काळाभोर सेल उचलला.

"काचेवर कुंकू कसलं लावायचं? पूजा खऱ्या वस्तूची होते."

"सर, त्याला हवा चालत नाही."

"तुम्ही नारळ आणा."

आणला! वर उदबत्तीही लावली, आपल्याकडून कसर नको. कडेला हळदकुंकू लागलं, नारळाच्या पाण्याचे शिंतोडे उडाले. मग साहेबांनी भाषण ठोकलं. ते रंगत गेले, सेल फिका पडत गेला. शेवटी त्यांनी ऐटीत सेलवर विजेचा दिवा लावला. मीटरचा काटा जागचा हलेना.

पाहुणे म्हणून आलेले बागायतदार वाकून बघू लागले. "राव, मगाशी हे काळं व्हतं ना? आता पिवळं कसं पडलं?"

साहेबांनी तारा हलवल्या, मीटरला टपल्या मारल्या. अखेर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अहो, काहीतरी करा ना."

मी सावकाश पुढे झालो. सीलबंद सेल जोडला. काटा टणकन वर!

"लई भारी!" पाहुणे म्हणाले. "पण भाऊ, हे केलं कुणी? छत त्यालाच देणार."

मी माईक उचलला आणि अगदी अदबीनं साहेबांच्या तोंडाशी धरला.

"सांगा ना, सर."

त्यांनी माझं नाव घेतलं. मागच्या रांगेत ऐकू गेलं नाही, म्हणून मी ते पुन्हा घ्यायला लावलं.