सव्वा मूठ गहू

“मी निघून गेलो असतो, पादरीबाबा, पण श्रावणात घरात माझ्या नावाची मूठ पडते,” चुडामण मास्तर एकदा म्हणाला होता.

तापीकाठच्या त्या गावात श्रावणात कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडतो. तेवढ्याच गव्हाचं पीठ, आणि त्याचे रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. ज्याची मूठ पडते तो घरचा. चुडामणला बायको नव्हती, शेतात वाटा मागितला नव्हता. एवढी मूठच काय ती त्याची होती.

गावाबाहेर राहणाऱ्या स्पॅनिश पादऱ्याला तो दोन वर्षं मराठी शिकवत होता. बदल्यात पादरी त्याला आपली भाषा शिकवायचा. त्या भाषेत ‘निघून जातो’ म्हणताना क्रियापदाला ‘स्वतःला’ हा शब्दही जोडतात, जणू माणूस स्वतःलाच उचलून नेतो, हे चुडामणला फार आवडलं. तापीत उभा राहून तो पाढ्यासारखं घोकायचा: मे इरिआ, ते इरिआस, से इरिआ. मी निघून गेलो असतो, तू गेला असतास, तो गेला असता.

पादरी मायदेशी परतायला निघाला, तेव्हा म्हणाला, “चला. आमच्या नव्या पादऱ्यांना मराठी शिकवा. भाडं मी देतो.” चुडामण आठ दिवस जेवला नाही नीट. शेवटी नाही म्हणाला. पादरी नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत एकटाच बसला.

त्याच आठवड्यात, कानबाईच्या रविवारी, चुडामणचा थोरला भाऊ लोटन सूप घेऊन बसला. वडिलांचं नाव, स्वतःचं, चुलतभाऊ सुपडूचं, मुलगा नवलचं. मग त्यानं हात झटकले.

“भाऊजीनी मूठ ऱ्हायनी ना,” वहिनी सुंदरबाई हळूच म्हणाली.

“बाटग्यानी कसानी मूठ?”

“दादा, मी बाटलो नाही.”

“मंग तापीवर रोज काय बडबडस? पादरीनी प्रार्थना! सुपडूनी सोता आयकं.”

सुपडू सुपातले खडे वेचू लागला.

“ती प्रार्थना नाही. धडा आहे.”

“मंग अर्थ सांग.”

चुडामणला खोटं बोलता आलं असतं. गाईम्हशींचा धडा आहे म्हटलं असतं, तरी खपलं असतं. पण तो मास्तर होता, अर्थ विचारला की अर्थ सांगायची खोड. आणि सांगितला तोही शाळेतल्या मराठीत, “मी निघून गेलो असतो.”

वडील भिंतीला टेकून होते. त्यांनी डोळे मिटले.

“आयकं का?” लोटन हसला. “जावानंच व्हतं याले. मंग जा ना, सायेब! तठे गहू पिकत नई का?”

नवल फिदीफिदी हसला. सुंदरबाईनं पदरात तोंड लपवलं. वडील काही बोलतील म्हणून चुडामण थांबला. जात्याची घरघर सुरू होईपर्यंत थांबला. सुपातला गहू जात्यात गेला, त्यात त्याचा दाणा नव्हता.

त्यानं कोनाड्यातली टोपी घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली, आणि उंबरा ओलांडला.