भिंतीतलं भोक आज बुजवलं

मंडळी, आज काम असं काहीच नव्हतं, चार खिळे मारायचे होते. तरी जाम दमलोय, म्हणून लिहायला बसलो.

मुलुंडला माझं सुतारकामाचं दुकान आहे. चौऱ्याऐंशी साली घेतलं तेव्हापासून चिंचोळंच. हत्यारं छताला टांगलेली, कामाचं टेबल भिंतीला बिजागऱ्यांवर, काम झालं की वर उचलून टाकायचं. एवढं करूनही दाराची लांब फळी रंधायला जागा पुरेना. शेजारी नाना शिंपी होता. तोच म्हणाला, "अरे, मधल्या पार्टिशनला भोक पाड ना. घुसव माझ्याकडे!"

मग रोजचंच झालं. मी दोनदा ठोकायचो, नाना स्टूल सरकवायचा आणि अर्धी फळी त्याच्या दुकानात जायची. तो पठ्ठ्या तिच्यावरच कपडे ठेवायचा. एकदा मी फळी ओढली तर कुणाची तरी नवी पँट थेट माझ्या भुशात!

"वाट लावलीस रे! उद्या लग्न आहे त्याचं!" नाना पलीकडून ओरडला. मग दोघं बसून ती झटकत राहिलो.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. एसीची हवा जाते, भोक बंद करा, म्हणाले. चूक नाही त्यांची.

आज प्लायचा तुकडा लावण्याआधी सवयीने दोनदा ठोकलं. पलीकडून नवा दुकानदार म्हणाला, "काय पाहिजे, अंकल?"

"काही नाही रे," म्हटलं आणि खिळे मारले.

तुमच्याकडे आहे का कुणी, दोनदा ठोकलं की काही न विचारता सरकून जागा देणारं?