चाळीसची हवा

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत जयराम फिटर दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. एक म्हणजे, कुणीही गाडी घेऊन आलं की तो आधी टायरकडे बघे आणि मग माणसाकडे. दुसरी म्हणजे, तो दरवर्षी गाड्यांच्या शर्यतीत उतरे आणि दरवर्षी शेवटचा येई. ही दुसरी गोष्ट लोक प्रेमानं सांगत. शेवटचं यायलाही सातत्य लागतं, असं शेजारी म्हणत, आणि त्यात कुचकेपणा थोडाच असे.

जयराम मूळचा कळवणकडचा. आयटीआय करून नव्वदच्या आसपास केंद्रात चिकटला आणि वाफेच्या नळ्यांवरचे दाबाचे काटे बघत बसला. काटा सरकला की नीट करायचा, नाही सरकला की चहा प्यायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा कुणाच्यातरी वऱ्हाडाबरोबर जाताना घाटात पोलिसांनी जीप अडवली. पुढून रॅलीच्या गाड्या जायच्या होत्या. सगळं वऱ्हाड शिव्या घालत होतं आणि जयराम जीपच्या टपावर उभा राहून वळणावर आडव्या घसरत येणाऱ्या, पुन्हा सरळ होणाऱ्या गाड्या बघत होता. रस्ता मोकळा झाला, वऱ्हाड पुढं गेलं, लग्नही लागलं. हा तिथंच घाटात. नवरदेव दुसरा होता म्हणून निभावलं.

दहा वर्षांनी त्यानं जुनी झेन घेतली. लाल रंगाची, रुंद टायरांची, सुरू केली की आख्ख्या कॉलनीला कळावं अशी. वजन कमी करायला त्यानं मागचं सीट काढून पलंगाखाली सरकवलं.

"आता माहेरी जायचं कसं?" सविता म्हणाली.

"एसटी आहे की."

त्या उत्तराची वसुली सवितानं तीन वर्षांनी केली. तोवर जयराम तीनदा शेवटचा आला होता. गडावर देवीच्या दर्शनाला गेले असताना तिनं त्याला पायऱ्यांवरच गाठलं. वरून प्रसादाची परडी घेतलेली माणसं उतरत होती, खालून चढणारी थांबून ऐकत होती. जयराम अडचणीत आला की मोठं बोलतो. "यंदा शेवटचा आलो तर गाडी सहादूला देऊन टाकीन. देवीची शपथ," तो म्हणाला. सहादू म्हणजे सविताचा धाकटा भाऊ, नामपूरचा, कांद्याच्या पिकअपवाला. त्याला घरासाठी गाडी हवीच होती. सविता वर गेली आणि तिनं देवीला हे पुन्हा एकदा, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. साक्षीदार पक्का असावा.

ते वर्ष दोन हजार चार. शर्यत म्हणजे आग्रा रोडच्या बाजूच्या एका बंद कारखान्याच्या आवारात क्लबनं भरवलेला ट्रॅक डे. काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडून वळणांची वाट केलेली. एकेकानं जायचं, तीन फेऱ्या मिळायच्या आणि त्यातली सगळ्यात चांगली वेळ धरायची.

जयरामला आपण शेवटचे का येतो याचं उत्तर सापडलं होतं. उत्तर होतं हवा. आजवर तो पेट्रोल पंपावरचा पोऱ्या भरेल ती हवा घेऊन जायचा. पण टायर पळून तापला की आतली हवा फुगते आणि दाब वाढतो. म्हणून गार असताना कमी ठेवायची, म्हणजे तापल्यावर ती आपसूक जागेवर येते. किती कमी, ते खडू सांगतो. टायरच्या कडेला खडूच्या रेघा ओढायच्या आणि जोरात वळणं घ्यायची. रेघ जशीच्या तशी राहिली तर हवा जास्त, कडेपर्यंत पुसली तर कमी, अर्धी पुसली तर बरोबर. सगळा हिवाळा त्यानं रविवारी रिकाम्या रस्त्यावर गोल गोल फिरण्यात घालवला. कॉलनीतल्या बायका सविताला विचारत, भाऊजींचं काही हरवलंय का? शेवटी आकडा लागला. पुढे अठ्ठावीस पौंड, मागे सव्वीस.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तो आकडा चारी चाकांना बसवला, नव्या रेघा ओढल्या आणि हवा मोजायचं गेज पेटीत ठेवलं. आता हात लावायचा नाही. गेज लावलं की दरवेळी फुस्सकन थोडी हवा जाते, आणि जयरामला आता फुस्स परवडणार नव्हतं.

सहादू रात्रीच पिकअप घेऊन मुक्कामाला आला होता. एक दाजींना बघायला आणि दुसरं, देवाच्या मनात असेल तर गाडी न्यायला. सकाळी जयराम निघाला, मागून पिकअपमध्ये बहीणभाऊ. झेनचं स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं फिरत होतं. शुभशकुन, असं जयरामला वाटलं.

पहिल्या फेरीत तिसऱ्याच वळणावर गाडी साबणावरून सुटल्यासारखी बाहेर गेली. तीन शंकू उडाले, फेरी रद्द. दुसऱ्या फेरीत त्यानं जपून चालवली, तरी प्रत्येक वळणावर गाडी पुढून सरकायची, आणि जपण्यात वेळ गेला तो गेलाच. फळ्यावर त्याचं नाव तळाशी लागलं. त्याच्या वर होत्या दातांच्या डॉक्टर उज्वलाताई. त्या नवऱ्याची घरची गाडी घेऊन गंमत म्हणून आल्या होत्या आणि वळणावर इंडिकेटर देत होत्या.

जयराम गाडीला टेकून बसला. हवा बरोबर होती, गाडी ठीक होती, म्हणजे उरलं काय? चाळिशीला आलेला फिटर उरला. घाटात जीपच्या टपावर उभं राहून जे दिसलं ते आपल्यासाठी नव्हतंच, आपण नुसतं वऱ्हाड चुकवलं, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. तोंड लपवायला त्यानं मान खाली घातली, तर समोर टायर.

खडूची रेघ जशीच्या तशी होती.

त्यानं चारी चाकं पाहिली. दोन फेऱ्या होऊनही एकही रेघ पुसलेली नव्हती. पेटीतून गेज काढून लावलं, तर काटा पंचेचाळीसवर. तापून इतकी वाढत नाही. कधीच नाही.

सहादू शेंगा खात जवळच उभा होता.

"सहादू, टायरला हात लावला होतास का रे?"

"हात कसला, पाय लावला," सहादू खुशीत म्हणाला. "तुम्ही अंघोळीला गेले व्हते ना, दाजी. बघितलं तर चारी चाकं बसेल व्हती. म्हटलं माणूस शर्यतीला चाललाय आणि हवा कमी शे. पिकअपमध्ये पायपंप व्हताच. चाळीसपर्यंत नेली. मांड्या भरून आल्या माझ्या."

"चाळीस?"

"कांद्याला पंचावन्न ठेवतो आपण. ही नाजूक गाडी, म्हणून चाळीस."

बायकोच्या भावावर, तेही त्यानं मांड्या दुखवून केलेल्या उपकाराबद्दल, ओरडायची सोय आपल्याकडे नाही. जयराम गेज घेऊन खाली वाकला.

पण आता उतरवायची किती? त्याचा आकडा गार टायरचा होता. टायर तापल्यावर तो किती होतो, हे त्यानं हिवाळाभरात एकदाही मोजलं नव्हतं. हवा गार असतानाच मोजायची, असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं आणि त्यानं ते आरतीसारखं पाठ केलं होतं. रोज पगार घेऊन काटे वाचणारा माणूस, आणि हवा तेवढा काटा वाचायचा राहिला. त्यानं अंदाज धरला, तेहतीस. व्हॉल्व्ह दाबायचा, मोजायचं, पुन्हा दाबायचं. हवा निघताना शीळ घालत होती, आणि तिकडे त्याचा नंबर पुकारला गेला.

"अहो, बोलावतायत," सविता म्हणाली.

"येतो म्हणावं."

एक झालं, दोन झाली. झेंडेवाल्यानं पुन्हा पुकारलं, आता नाही आलात तर फेरी बाद. तिसरं झालं. बाकी राहिलं मागचं उजवं चाक. वाट बहुतेक उजवीकडे वळणारी, आणि उजव्या वळणाला गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. डावं वळण एकच होतं, अगदी शेवटचं. तिथवर तर जाऊ, म्हणत तो गाडीत बसला.

आणि गाडी वळली. पहिलं वळण, दुसरं, ज्या तिसऱ्यानं सकाळी दगा दिला ते तिसरं. टायर काँक्रीटमध्ये नखं रोवल्यासारखे धरून होते. जयरामच्या तोंडून काहीतरी निघालं, ते ओरडणं होतं की रडणं ते त्यालाही कळलं नाही. तो चालवू शकत होता. एवढंच त्याला कधीपासून कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग डावं वळण आलं, आणि मागच्या उजव्या चाकातली सहादूची हवा तेवढी त्याच्याबरोबर वळली नाही. मागची बाजू सुटली, गाडी गर्रकन फिरून शेवटच्या रेषेच्या हातभर अलीकडे आडवी झाली आणि बंद पडली. चावी फिरवली, पुन्हा फिरवली, सुरू झाली, रेषा ओलांडली.

उज्वलाताईंपेक्षा शिंक यायला लागेल एवढा वेळ जास्त.

सहादूच्या मुठीतल्या शेंगा तशाच राहिल्या. सगळं त्याच्या आता ध्यानात आलं होतं.

"दाजी, ही शर्यत धरू नका. चूक माझी शे. गाडी तुमच्याकडे राहू द्या, देवीला मी सांगतो."

जयरामनं मोठ्या आशेनं सविताकडे पाहिलं. ती गाडीकडे बघत होती. मग हळूच, टोमणा नसल्यासारखी म्हणाली, "मागची तीन वर्षं हवा कुणी भरली होती हो?"

जयरामनं तोंड उघडलं, पण पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं सहादूकडून पायपंप मागून घेतला.

शर्यतीसाठी उतरवलेली हवा तो आता नामपूरच्या रस्त्यासाठी भरत होता. मागच्या उजव्याची थोडी सोडून, बाकी तिन्ही चाकांसाठी पाय मारत, सदरा भिजेपर्यंत. सहादू पंप घ्यायला पुढं झाला, तर त्यानं कोपरानंच दूर सारलं.

"गार झाल्यावर चारींना तीस भरेल अशी ठेवलीय. सकाळी गार असताना बघायची. सीट घरी पलंगाखाली आहे, ते बसवून घे. पोरं मागं बसतील."

"हो दाजी."

"आणि हे गेज."

सहादू झेन घेऊन कॉलनीकडे पुढं निघाला. जयराम आणि सविता पिकअपमध्ये मागून. पंचावन्नच्या हवेवर रिकामी पिकअप खड्ड्याखड्ड्याला उसळत होती.

"हवा जास्त आहे का हो हिच्यात?" सवितानं विचारलं.

"कांदा भरलेला असता तर बरोबर होती."

तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आडगाव नाक्याच्या अलीकडे पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी लाल झेन उभी दिसली. दार उघडं, सहादू मागच्या चाकापाशी उकिडवा, आणि पंक्चरवाला नळी ओढत येत होता. हवा कमी शे, एवढंच सहादू सांगत असणार.

जयरामचा पाय ब्रेकवर गेला. तिथं क्षणभर राहिला. मग त्यानं तो उचलला, आणि पिकअप उसळत पुढं गेली.