मंजळचं औषध

इंदूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पापनाशमच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. फोन येणार हे माहीत होतं. तशीच निघाले. तंजावूरला पोचेपर्यंत बसमध्ये राहून राहून आठवत होती ती तिची मांजर, आणि त्या मांजरीच्या आजारपणात दिसलेली आत्या. महिना उलटून गेला, तरी तिच्याबद्दल बोलायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते.

आत्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. एकटी राहायची, आणि कुणाचं ऐकून घेत नाही अशी तिची ख्याती. मांजर पिवळीधमक. तमिळमध्ये हळदीला मंजळ म्हणतात, आमच्या तंजावूरकडच्या मराठीत मांजर ती मांजरच. आत्यानं दोन्ही भाषा एका हाकेत बसवल्या आणि नाव ठेवलं मंजळ. या करामतीवर ती स्वतःच भारी खूश असे.

मंजळची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, बरी होणार नाही, त्रास तेवढा कमी करता येईल. मग काय, अख्खी गल्ली वैद्य झाली. होमिओपॅथीच्या गोळ्या, रेकी, मंतरलेला दोरा... आत्यानं कुणालाच हाकललं नाही, याचं मला नवल वाटलं. नियम मात्र एकच. "अंगावरून हात फिरवायचा तर उदंड फिरवा. तोंडांत घालायचं तें डॉक्टरला विचारल्याबिगर नक्को." शेजारच्या मामी रेकी करायला येत, मंजळ त्यांच्या मांडीवर खुशाल झोपे, आणि मामींना कॉफी मिळे.

तमिळ पद्धतीची झाडपाल्याची औषधं देणारे एक सिद्धवैद्य होते, त्यांच्यावर मात्र तिची श्रद्धा होती, झाडपाला तिचाच विषय ना! तिनं त्यांना फोन लावला आणि तमिळमध्ये सांगितलं, मंजळसाठी औषध हवंय. तमिळमध्ये काविळीच्या नावातही मंजळच असतं, हे विदुषींच्या ध्यानातच आलं नाही.

"अंग पिवळं पडलंय का?" वैद्यांनी विचारलं.

"जन्मापासून पिवळंच आहे," आत्या म्हणाली.

"आणि डोळे?"

"तेही."

म्हातारे वैद्य घाबरून काविळीवरचा भुईआवळीचा रस घेऊन ऑटोनं आले आणि घरभर रोगी शोधू लागले. आत्यानं खिडकीत बसलेल्या मंजळकडे बोट दाखवलं. दोघंही डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग वैद्य गंभीर होऊन म्हणाले, "माणसाची नाडी मला कळते अम्मा, मांजरीची नाही कळत. हे देऊ नका." ते गेल्यावर आत्या म्हणाली, "असं सांगणारा माणूस चोखोट."

पुढे मंजळनं खाणं सोडलं. त्याच सुमाराला ओळखीतल्या कुणीतरी एक बाटली पाठवली, हमखास गुण येतो म्हणून. आत्या ती हातात धरून कितीतरी वेळ बसली. इतकी हतबल मी तिला कधी पाहिली नव्हती. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आत काय आहे ते लिहिलेलंच नाही, देऊ नका. आत्या माझ्याकडे वळली. "देऊन पाहिलं तर मला बरं वाटेल गं. तिला काय वाटेल?" बाटली तिनं मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई घरी येऊन इंजेक्शन देऊन गेल्या, आणि मंजळ आत्याच्या मांडीवरच शांत झाली. आत्या ओक्साबोक्शी रडली. एवढी माया असून तिनं मांजरीला आपल्या आशेपायी छळलं नाही. ही माझी आत्या, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगेन.

यंदा तिच्याच पोटात गाठ निघाली, हाताबाहेर गेलेली. मी कुठून कुठून चौकशी करून एक चूर्णाची पुडी नेली. पुडीकडे बघून ती हसली.

"हें माझ्यासाठी आणलंस, की तुझ्यासाठी?"

मी पुडी सोडू लागले.

"पुडी ठेव तिकडे. हात आण इकडे."

तिला झोप लागेपर्यंत मी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले.

आता शनिवारी जाऊन घर उघडते. खिडक्या उघडते, झाडांना पाणी घालते. मग तिच्या खाटेशी बसते आणि उशीवर हात ठेवते, जरा वेळ.