हिरवे बिल्ले

थोरलीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आधी सुजलेल्या पोटऱ्यांना पट्ट्या आवळायच्या, मग बाकीचं. सहाला ती लॉन्ड्रीच्या इस्त्री खात्यात उभी. जाड चादरीला जोर खांद्यातून द्यावा लागतो. मनगटातून देणारी महिन्याभरात पळते. थोरली पळाली नाही.

खात्यात खुर्ची एकच, मुकादमाची. पाय फारच भरून आले तेव्हा थोरलीने घरून स्टूल आणलं. मुकादमाने ते बॉयलरच्या भट्टीत घातलं.

"बसायचं असेल तर घरी बस, थोरले!"

ती स्टूल जळेपर्यंत बघत राहिली.

पुढे मालकसाहेबांना कामगारांचं समाधान मोजायची हौस आली. फाटकाशी प्रत्येक खात्याची पेटी ठेवली. सुटताना खूष असाल तर हिरवा बिल्ला टाकायचा, नाखूष असाल तर लाल. इस्त्रीच्या बायकांनी लाल टाकले. दुसऱ्या दिवशी मुकादमाने पंखे बंद केले.

पॅकिंगचा मुकादम मात्र देवमाणूस. त्याच्या पेटीत सगळे हिरवे. तर साहेबांनी त्यालाच उचलून दुसऱ्या शाखेत धाडलं, तिथली नाराजी निस्तरायला.

हे कळलं त्या संध्याकाळी थोरली शेजारच्या टेबलावरच्या धाकट्या जावेला म्हणाली, "उद्यापासून सगळ्यांनी हिरवे."

"डोकं फिरलंय का, जाऊबाई? त्या मेल्याला हिरवा?"

"पॅकिंगवाला कशाने गेला? हा पण तसाच जाईल. टाक हिरवा. आणि हसून टाक."

बायका हसून टाकत राहिल्या. गाल दुखायची वेळ आली. मुकादम हरभऱ्याच्या झाडावर चढला. साहेबांना म्हणाला, "माणसं कशी खूष ठेवावी, ते माझ्याकडून शिकावं."

"मग शिकवाच. धुलाईत रोज लाल पडतात. सोमवारपासून तिकडे."

धुलाईत घोटाभर साबणपाणी आणि वाफ. खुर्ची टेकायला कोरडी जागा नाही. आठवड्यात मुकादम भिंत धरून उभा राहू लागला. ओल्या चादरींची गाडी आणायला थोरली आता मुद्दाम स्वतः जायची.

"पाय भरून आले का, मुकादम? घरी बसा की!"

त्याची खुर्ची भंगारात निघाली. पगार हातात पडताच थोरलीने ती विकत घेतली आणि डोक्यावरून घरी नेली.

"बसा आता सुखाने," जाऊ म्हणाली.

"त्याच्या जागेवर? मी?"

थोरली खाटेवर बसली. पट्ट्या सोडल्या आणि दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या गादीवर ठेवले.