आखाडात माळ्यावर टाकलेली बॅटरी

"हे घे तुह्यं मडकं!" म्हणत सदाभाऊंनी बॅटरी माझ्या पुढ्यात ठेवली. ठेवली कसली, आदळलीच. "दिवसभर चार्ज केली म्हनतं, आन तिसऱ्या मंगलाष्टकाले कर्णा मुका! कामरगावचा सारा मांडव माह्याकडे पाहून हासून राह्यला होता."

"भाऊ, आधी बसा. मग शिव्या द्या."

"बसाले येळ नाई मले. तू अर्धीच भरतं बॅटरी. सारे म्हनून राह्यले."

आता सारे म्हणजे कोण, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण माझं डोकं फिरलं. कामात खोट काढलेली मला तेव्हाही सहन व्हायची नाही, आजही होत नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी मंगरूळपीरला बॅटरी चार्जिंगच्या दुकानात मिस्त्री होतो. आमच्या गल्लीत वीज यायची होती. मागच्या शेडमध्ये क्रूड ऑइलचं इंजिन दिवसभर धडधडायचं, त्याच्या पट्ट्यावर डायनॅमो फिरायचा आणि त्या करंटवर ट्रकच्या, मोटारींच्या बॅटऱ्या भरायच्या. सदाभाऊ जवळच्याच एका खेड्यातले. त्यांचा धंदा लग्नात कर्णा लावायचा. कर्णा म्हणजे लाऊडस्पीकर. अ‍ॅम्प्लिफायर, किल्ली द्यायचा ग्रामोफोन, माईक आणि मोटारीची बॅटरी असं सगळं बैलगाडीत घालून ते गावोगाव जायचे. खेड्यात वीज कुठली? बॅटरी बसली की कार्यक्रम बसला.

मी हायड्रोमीटर काढला. ही एक काचेची नळी असते, वर रबरी फुगा. बॅटरीतलं पाणी आत ओढायचं. नळीतली काडी उंच तरंगली तर बॅटरी भरलेली, खाली बुडाली तर रिकामी. लग्नाहून मेलेली आलेली बॅटरी, तरी काडी चांगली उंच तरंगत होती.

आमचे मालक काशिनाथभाऊ गल्ल्यावरून वाकून पाहत होते. "पाह्य! भरेल हाये बॅटरी. याचं मशीनच बिघडलं. वापस ने म्हना त्याले."

मला ते पटेना. मग सेल टेस्टर घेतला. दोन टोकांचा चिमटा, मध्ये काटा. सेलच्या दोन खुंट्यांवर तो दाबला की बॅटरीला खरोखर जोर लावावा लागतो. नुसतं पाणी पाहणं वेगळं आणि वजन उचलायला लावणं वेगळं. काटा क्षणभर उठला आणि धपकन खाली आला. एकेक सेल पाहिला. सगळ्यांचं तेच.

म्हणजे पाणी सांगत होतं भरलेली आणि बॅटरी सांगत होती मेलेली. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं.

"भाऊ, खरं सांगा. हिच्यात काय टाकलं?"

"कुठी काय?" सदाभाऊ इकडेतिकडे पाहू लागले. "जरासं तेजाब टाकलं. कमजोर झाली होती ना. मानसाले नाई का आपन सलाईन देत?"

घ्या! तेजाब म्हणजे अ‍ॅसिड. बॅटरीतलं नुसतं पाणी आटतं, म्हणून वरून शुद्ध पाणीच घालायचं असतं. अ‍ॅसिड घातलं की काडी उंच तरंगते आणि आमच्यासारख्या मिस्त्र्याला गंडवते. बॅटरीत मात्र ताकद येत नाही, उलट आतल्या प्लेटा खंगतात.

पण नुसत्या तेजाबाने बॅटरी इतकी बसत नाही. मी विचारलं, "मागच्या सीझनचं शेवटचं लग्न कवा वाजवलं?"

"जेठात. वरात दारात जाईलोक वाजवलं. पार शेवटचा थेंब काढला तिचा." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"मग चार्जिंगला कवा आणली?"

"आत्ता, तुळशीच्या लग्नानंतर. आखाडापासून कोनी लगन करते का लेका? उगाच कायले भरून ठेवायची? माळ्यावर ठेवली, पोत्यात गुंडाळून. खंडेनवमीले खाली काढली, हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला, परत माळ्यावर."

मी कपाळावर हात मारला. गेल्या वर्षीही हेच आणि त्याच्या आदल्या वर्षीही हेच. आमच्याकडे आषाढी एकादशीनंतर लग्नं बंद होतात, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. त्या महिन्यांत बैलांना विसावा नसला तरी कर्ण्याला असतो. सदाभाऊंच्या हिशेबाने बॅटरीही विसावा घेत होती.

रिकाम्या बॅटरीला विसावा मानवत नाही. तिच्या शिशाच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो. आम्ही त्याला सल्फेट म्हणतो. ताजा असला तर चार्जिंगने निघून जातो. महिनोन्‌महिने पडला की दगड होतो. जेवढी प्लेट त्याखाली गेली, तेवढी बॅटरी कमी झाली. मग तुम्ही कितीही भरा. चार्जिंगवर ती लवकर उकळते, भरली असं वाटतं आणि कामावर लगेच बसते.

मी हे सगळं समजावलं. सदाभाऊंचा आवाज उतरला. "मंग आता?"

"नवी घ्या. अकोल्याहून मागवू."

"नवी घ्याची ऐपत असती तं तुह्या संग भांडलो असतो का?" ते बाकावर बसले. "माह्या इंदूचं लगन हाये रे, मार्गशीर्षात. रिसोडकडचे सोयरे. मीच कबूल केलं त्याईले, का कर्णा आमच्या घरचा हाये, कायची कमी पडनार नाई. साऱ्या मुलखाच्या लग्नात वाजवला आन पोटच्या पोरीच्या लग्नात मुका झाला, तं तिले तिथं जलमभर आयकावं लागंन. मले कोन बलावंन मंग?"

मला फार वाईट वाटलं. मघाशी याच माणसाचा मला राग आला होता.

एक उपाय होता. आतलं सगळं तेजाब ओतून द्यायचं, नुसतं शुद्ध पाणी भरायचं आणि अगदी बारीक करंटवर बरेच दिवस लावून ठेवायची. घाई केली की प्लेटा उखडतात. हळू घेतलं तर थर थोडाफार विरघळतो.

काशिनाथभाऊ उसळले. "इतके दिवस? डायनॅमो काय तुह्या आज्यानं ठेवला? ट्रकवाले बोंबलून राह्यले बाहेर!"

खरंच होतं त्यांचं. पण बारीक करंटसाठी मध्ये कशाचा तरी अडसर लागतो आणि आम्ही त्यासाठी बल्ब वापरायचो. बल्ब जेवढा लहान, तेवढा करंट कमी. मी डायनॅमोवरून एक वायर ओढली, मध्ये बल्ब जोडला आणि तो मालकांच्या गल्ल्यावर टांगला. बॅटरी कोपऱ्यात ठेवली. मालक त्या अंधाऱ्या खोलीत दिवसाही कंदील लावून बसायचे. आता डोक्यावर पिवळाधमक उजेड पडला.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी लाइट. बॅटरी त्याच्यातच भरते."

ते वर पाहत राहिले. "राहू दे मंग," म्हणाले. पुढे इंजिन चालू असेपर्यंत तो बल्ब कोणी बंद करू लागला, तर मालकच ओरडायचे.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी पाणी बदलून योग्य मापाचं अ‍ॅसिड भरलं आणि टेस्टर लावला. काटा उठला आणि टिकला. सगळी नाही, पण बॅटरी बरीचशी परत आली होती. मी सदाभाऊंना बजावलं, "सकाळपासून गाणी नाही. आधी मंगलाष्टकं, मग उरलं तर रेकॉर्डी. आणि आवाज जाड व्हायला लागला म्हणजे बॅटरी बसत आली, लगेच बंद. शेवटचा थेंब काढला तर पुन्हा माझ्याकडे आणू नका."

लग्नाला मी गेलो. सकाळभर कर्णा मांडवाच्या खांबावर गप्प. "काहो सदाभाऊ, कर्ण्याचा उपास हाये का आज?" म्हणून लोक छेडत होते. वरमाईने तर ऐकवलंच, "कर्णा निस्ता दाखवाले बांधला वाट्टे." सदाभाऊ हात जोडून हसत होते. एरवी दुसऱ्याच्या लग्नात अजून एक रेकॉर्ड म्हटलं की या माणसाच्या तोंडून नाही निघायचं नाही.

दुपारी भटजींच्या तोंडापुढे माईक आला. पहिलं मंगलाष्टक खणखणीत निघालं. तिसऱ्याला मी भटजींना सोडून कर्ण्याकडेच पाहत होतो. तेही पार पडलं. शेवटच्या शुभमंगलपर्यंत आवाज तसूभर हलला नाही. मी इतका खुश झालो, की हातातल्या अक्षता टाकायच्याच राहिल्या. पंगतीला रेकॉर्डी लागल्या. वरमाईचं तोंड गोड झालं.

पोरगी सासरी निघाली तेव्हा आवाज जाड व्हायला लागला. वऱ्हाडी म्हणाले, "शिवेलोक तरी वाजवा." गावाच्या शिवेपर्यंत एक-दोन रेकॉर्डी सहज निघाल्या असत्या. सदाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आता बापाला मी काय सांगणार? त्यांनी हात पुढे केला आणि बटण बंद केलं.

आजवर त्यांनी वाजवलेल्या लग्नांत पोरीचं आणि आईबापाचं रडणं कर्ण्याखाली झाकून जायचं. त्या दिवशी झाकायला काही नव्हतं. "इंदे, माय माही," म्हणत सदाभाऊ छकड्याचा दांडा धरून ओक्साबोक्शी रडले आणि ते अख्ख्या गावाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो, तर सदाभाऊ पायरीवर बसलेले. डोळे सुजलेले, अंगावर हळदीचा सदरा, शेजारी बॅटरी.

"भाऊ, आजच कशाला? घरी पाहुणे असतील."

"रिकामी ठेवू नको म्हने ना तू? घे, लाव पह्यले."

ती बॅटरी पुढे बरेच सीझन चालली. लग्नं नसलेल्या महिन्यांतही ते ती अधूनमधून चार्जिंगला आणायचे आणि लोक त्यांना वेड्यात काढायचे. मी तेवढंच सांगतो : बॅटरी कामाने सहसा मरत नाही. रिकामी पडून राहिली की मरते.